पप्पांचं शास्त्र, आईचा फोन

आमच्या घरी रात्रीचं जेवण शास्त्रवाचनाशिवाय होत नसे. दिघीत, लष्कराच्या कुंपणाजवळच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. पप्पा भोसरीच्या एका कंपनीत प्रेस शॉपला सुपरवायझर होते. पहिली शिफ्ट करून ते घरी यायचे, झोप काढायचे आणि दिवेलागणीला काळ्या बांधणीचं जाडजूड पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन पलंगावर बसायचे. आई आणि मी खाली सतरंजीवर. ताटं वाढलेली असत. वरण निवत असे.

पप्पा क्रमाने वाचत नसत. दिवसभरात ज्याचं चुकलं असेल त्याच्यासाठी उतारा काढलेला असे, आणि बहुतेक वेळा चुकलेलं आईचंच असे. तिने न विचारता जालन्याला बहिणीला फोन केलेला असे, नाहीतर जिन्यात शेजारणीशी जास्त वेळ बोललेली असे. कधी नुसतं दूध उतू गेलेलं असे. भांडखोर बायकोबद्दल, जिभेबद्दल जे काही शास्त्रात आहे ते पप्पा आवाज न चढवता वाचत. वाचत मात्र फार सुरेख. चर्चच्या मंडळीतले लोक त्यांच्या वाचनाची तारीफ करत, ती खोटी नव्हती. वाचून झालं की पानावर बोट तसंच ठेवून ते विचारत, "कोणाबद्दल आहे हे?"

आई म्हणे, "माझ्याबद्दल."

"आमेन," पप्पा म्हणत, आणि मग आम्ही जेवत असू. जेवण झालं की ते त्या पानाच्या कडेला तांबड्या पेन्सिलीने आईचा गुन्हा लिहीत. 'दूध.' 'जिना.' 'उलट बोलली.' पुढे कधी तेच पान निघालं की तो शब्दही मोठ्याने वाचला जाई.

आई चौथीपर्यंत शिकलेली. जोडाक्षर आलं की अडखळायची. घरी पाहुणे आले की पप्पा मुद्दाम तिच्या हातात पुस्तक देत, आणि ती अडखळली की पाहुण्यांकडे बघून गालात हसत. पाहुणेही हसत. पुढे पुढे ती त्या पुस्तकाला फक्त धूळ पुसायला हात लावायची.

लग्न होऊन मी सांगवीला आले. हिंजवडीत नोकरी करू लागले. तोवर आमच्या मंडळीत वचनं दाखवायला प्रोजेक्टरचा पडदा आला होता, तरुण मुलं उपासनेत फोनवरच वचन काढत होती. पप्पांना ते सहन होत नसे. "ज्याच्यावर दिवसभर नको ते बघायचं, त्याच्यावरच देवाचं वचन?" असं ते भर कमिटीत म्हणाले. हातात फोन असलेल्या पोराने नमस्कार केला तर ते दुसरीकडे बघत.

मी आईला माझा जुना फोन दिला आणि त्यात शास्त्र वाचून दाखवणारं ॲप टाकून दिलं. बोट लावलं की एक माणूस शांत आवाजात वाचायला लागे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आईने विचारलं, "हा मध्येच थांबून काही विचारतो का?"

"नाही गं."

"मग चांगलाय."

ती पदराआडून इअरफोन लावून भाकरी थापताना ऐकायची. एका रविवारी मी तिथे असतानाच पप्पांच्या ते लक्षात आलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी तिच्या कमरेचा फोन काढून घेतला, मोरीत गेले आणि भिजत घातलेल्या कपड्यांच्या बादलीत सोडला. "झाला त्याचा बाप्तिस्मा," म्हणाले आणि हात पुसत बाहेर आले. आईने भाकरी उलटली. मी तिला दुसरा फोन नेऊन दिला. तो तिने रव्याच्या डब्यात लपवला.

पप्पा रिटायर झाल्यानंतर एका सकाळी दाढी करताना खाली कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "त्यांना सगळं कळतंय," डॉक्टर म्हणाले, "फक्त बोलता येणार नाही."

घरी आणल्यावर त्यांनी डाव्या हाताने पहिली खूण केली ती पुस्तकाची. आईने ते आणून त्यांच्या छातीवर ठेवलं. एका हाताला ते वजन पेलेना. पातळ कागद बोटाने उलटता येईना. एक पान फाटलं, आणि पुस्तक घसरून फरशीवर पडलं. आईने ते उचललं, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलं आणि समोरच्या कपाटावर, त्यांना पडल्या पडल्या दिसेल असं ठेवून दिलं. मग रव्याच्या डब्यातून फोन काढून आणला.

"आता हे ऐका," ती म्हणाली.

वेळ तीच, दिवेलागणीची. स्टुलावर मऊ खिचडी. आईने पप्पांचेच नेहमीचे उतारे शोधून ठेवले होते. इतकी वर्षं ऐकून ते तिला पाठ झाले होते. फोनमधला माणूस वाचायचा, ती बोटाने त्याला थांबवायची आणि विचारायची, "कोणाबद्दल आहे हे?"

पप्पा बघत राहायचे. आई वाट बघायची. खिचडीवर साय धरायची. शेवटी त्यांच्या घशातून कसलासा आवाज निघाला की ती म्हणायची, "आमेन," आणि चमचा त्यांच्या तोंडाशी न्यायची.

मी हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी, आई स्वयंपाकघरात गेली तशी मी मागोमाग गेले.

"आई, बास कर आता. आजारी आहेत ते."

"त्यांच्यावर मी हात उचलला का? उपाशी ठेवलं का? वचनच ऐकवते ना?" ती भांडं घासत राहिली. "माझ्या वेळी कुणी बास म्हणलं नव्हतं."

पुढच्या रविवारी ती आंघोळीला गेली असताना मी कपाटावरून पुस्तक काढलं आणि पप्पांच्या डोळ्यांसमोर उघडून धरलं. त्यांचे डोळे भरून आले. मी एकेक पान उलटत होते. एका पानावर त्यांनी हाताने मला थांबवलं. मला वाटलं, त्यांना वाचायचंय. तेवढ्यात आई केस पुसत बाहेर आली. पप्पांनी डावं बोट उचललं, कडेच्या तांबड्या शब्दावर टेकवलं, आणि तिच्याकडे बघितलं. तो शब्द होता 'जिना'.

आई हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "बघ," ती मला म्हणाली, "अजून खोड जात नाही." मी पुस्तक परत बांधलं आणि माझ्याच हाताने कपाटावर ठेवलं.

पावसाळा संपता संपता पप्पा गेले. दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, या बहिणीने नवऱ्याला शेवटपर्यंत रोज वचन ऐकवलं, आपल्या घरांतून हे व्हायला हवं. बायका रडल्या. आई मान खाली घालून उभी होती. घरी आल्यावर दोघी-तिघी तिच्याभोवती बसल्या. कुठलं ॲप, आवाज कसा वाढवायचा, हे विचारू लागल्या, आणि तिने प्रत्येकीला नीट करून दाखवलं.

त्यातल्या एकीचा नवरा चाकणच्या एका कारखान्यात होता. पाठीला मार बसून तो कायमचा अंथरुणाला खिळलेला. "तुम्ही एकदा येऊन त्यांना ऐकवाल का?" असं तिने आईला विचारलं. मला वाटलं, आई टाळेल. ती लगेच हो म्हणाली. शनिवारी मी तिला गाडीने घेऊन गेले.

पत्र्याची खोली होती, बाहेर कंटेनरची रांग. तो माणूस चाळिशीचाही नसेल. आई त्याच्या उशाशी बसली, फोन काढला आणि म्हणाली, "काय ऐकायचंय दादा तुम्हाला?"

तो संकोचला. "वादळातल्या होडीचं आहे ना, ते."

आईने ते लावलं. त्याला जरा भरभर वाटलं तर तिने वेग कमी केला. झाल्यावर तो म्हणाला, पुन्हा लावता का. तिने पुन्हा लावलं. त्याची उशी सरकली होती ती सारखी केली, आणि तो डोळे मिटून ऐकत असताना फोन त्याच्या कानाजवळ नीट धरून बसली. हात दुखला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.

मी दारात उभी होते. हिला हे येतं, हे मला माहीतच नव्हतं.

परतताना मोशीच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलो. मी म्हटलं, "आई, पप्पांना काय ऐकायचंय, हे तू एकदाही विचारलं नाहीस."

ती समोरच्या ट्रककडे बघत होती. "त्यांना काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "म्हणून तर लावलं नाही."

मग तिने खिडकीची काच थोडी खाली केली. "त्या दादाला पुढच्या शनिवारचं सांगितलंय," ती म्हणाली. "तुला जमत नसलं तर मी बसने जाईन."