अंगठा लावायचा राहिला

गॅरेजमधल्या धाकट्या भावाला सगळे मास्तर म्हणत, आणि ते त्याला जरा जास्तच आवडे. खरा मास्तर त्याचा थोरला भाऊ. बारा वर्षं हाताखाली घेऊन त्यानंच याला इंजिन शिकवलं. आता दादाची नजर अधू झाली होती. स्टुलावर बसून तो हाताला उमगेल तेवढं काम करी.

पन्नास वर्षांची एक गाडी खोलून पुन्हा जोडली, तेव्हा व्हॉल्व्हच्या फटी दादानं लावल्या आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मास्तरनं. पहिला पिस्टन वर आला, पुलीवरची खूण जुळली, की प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर बसवायचा. पण खूण दोनदा जुळते, एकदा हवा दाबली जाताना आणि एकदा धूर बाहेर पडताना. खरी पहिली. म्हणून प्लगच्या भोकावर अंगठा ठेवायचा, हवा रेटते का बघायचं. दादाचा हा पहिला धडा. मास्तरनं अंगठा लावला नाही. नवशिक्यांच्या गोष्टी त्याला कोण सांगणार?

गाडीचे मालक, एक निवृत्त डॉक्टर, हौसेनं चावी फिरवायला आले. इंजिन खोकलं, कार्ब्युरेटरमधून फाडकन आवाज झाला, आणि गप्प. तीनदा तेच. डॉक्टरांनी मास्तरकडे पाहिलं.

"व्हॉल्व्ह दादानं लावलेत," मास्तर बोलून गेला. "दिसत नाही त्याला आता. काम मागतो, नाही म्हणवत नाही."

दादा स्टुलावरच होता. त्यानं हात पुसले, चपला शोधल्या आणि भिंतीच्या कडेकडेनं घरी गेला.

डॉक्टर गेल्यावर मास्तरनं व्हॉल्व्हवरचं झाकण काढलं. आठही फटी मापात, केसाचा फरक नाही. तेव्हा कुठे त्यानं पहिला प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला आणि डिस्ट्रिब्युटर पहिल्या प्लगला ठिणगी देतो त्या खुणेपर्यंत इंजिन फिरवलं. हवा रेटलीच नाही; डिस्ट्रिब्युटर धुराच्या खुणेवर बसला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही त्याच्या तोंडावर. एक फेरा पुढे घेऊन त्यानं डिस्ट्रिब्युटर पुन्हा बसवला. गाडी पहिल्या चावीला चालू झाली, आणि तो गुळगुळीत आवाज त्याला लाजेनं ऐकवेना.

तो तसाच काळ्या हातांनी दादाच्या घरी गेला. वहिनीनं दार उघडलं.

"टायमिंग उलटं होतं, दादा. चूक माझी."

"माहीत आहे. पहिल्या आवाजालाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"गिऱ्हाईक उभं होतं ना. गॅरेज आता तुझ्या नावावर चालतं. माझं काय राहिलंय?"

मास्तरला मान वर करवेना. त्यानं तिथंच डॉक्टरांना फोन लावला, दादाला ऐकू जावं म्हणून स्पीकरवर ठेवला, आणि अडखळत सगळं सांगितलं.

डॉक्टर हसले. "कळलं हो. भावाला सांभाळून घेताय. एवढं मोठं मन हल्ली कुणाचं असतं? फक्त माझ्या गाडीला पुन्हा त्यांचा हात लागू देऊ नका."

"नाही हो, खरंच मी..." म्हणेपर्यंत फोन बंद झाला. मास्तरनं पुन्हा लावला. डॉक्टरांनी उचलला नाही.

"राहू दे," दादा म्हणाला, आणि आत वळून त्यानं वहिनीला सांगितलं, "त्याला पाणी दे."

पाणी आलं. मास्तरनं पेला तसाच खाली ठेवला.