जो म्हटलं की धावत येणारा

मेंढ्या राखणाऱ्या केल्पी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू शिकवावं तर डल्सी हॅनाफर्डनेच, असं ओरोरू गावाच्या आसपास कुणीही सांगितलं असतं. तीस वर्षांत बाईने कुत्र्यावर हात उगारला नव्हता. पिल्लाने टाच चावली की ती पाठ फिरवून गप्प उभी राही. फारच झालं तर एकच शब्द, "नो!" दात मिटले की लगेच मटणाचा तुकडा. शिकायला येणाऱ्यांना ती पहिल्याच दिवशी बजावी, "नाव असं ठेवा, की ते हुकमासारखं ऐकू येणार नाही." स्वतः ती पिल्लांना नावच ठेवत नसे. नेईल तो ठेवील.

हे तांबडं पिल्लू आलं आणि तिची मती फिरली. तिने त्याला जो म्हटलं. जो तिचा एकुलता मुलगा. पाच वर्षांपूर्वी मेंढ्या वळवताना मोटारसायकल उलटली आणि तो गेला. तेव्हापासून ते नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं. आता दिवसातून शंभरदा हाक मारायची सोय झाली, आणि हाकेसरशी कुणीतरी धावतही येई.

पिल्लू हुशार, पण मेंढीला चावायची खोड जाईना. डल्सी "नो!" ओरडली की शेपूट हलवत तिच्याकडे बघायचं आणि पुन्हा चावायचं. रविवारी ते कुंपणाखालून निसटून शेजारच्या क्लॅरी नोस्केच्या कोकरांत शिरलं. एका कोकराचा पाय फाडला.

क्लॅरी त्याला काखोटीला मारून दारात आला. "या खेपेला जिवंत आणलाय, डल्सी. पुन्हा दिसला तर गोळी घालीन. माझ्या जागी तूही तेच केलं असतंस."

"लहान आहे रे तो!"

"लहान कसला! कोकराला विचार." मग तो घुटमळला. "रागावू नकोस. काल कुंपणाशी ऐकत होतो. तू हाक मारतेस की दटावतेस, मलाच कळेना. जो, नो, जो, नो... त्या मुक्या जिवाला काय कळणार?"

डल्सी पायरीवर बसली. साऱ्या मुलखाला शिकवलेली गोष्ट!

"मी दटावायला दुसरा शब्द घेते. नाव राहू दे."

"आणि उद्या दुसऱ्याच्या कळपावर गेला की? इथे सगळे 'नो'च म्हणतात." क्लॅरी तिच्याकडे बघत नव्हता. "जो गेला गं, डल्सी. हा तरी राहू दे."

दुसऱ्या दिवसापासून पिल्लू टिपर झालं. नवं नाव, मटणाचा तुकडा. नवं नाव, तुकडा. चौथ्या दिवशी "नो" ऐकताच ते मेंढीपासून हातभर अंतरावर थबकलं. डल्सीला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

आठवड्याने, त्याचं ताट भरताना, सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "जो, जेवायला ये."

पिल्लू समोरच अंगणात पडलं होतं. त्याने कानसुद्धा हलवला नाही. त्या नावाला ओ देणारं आता कुणीच उरलं नव्हतं, आणि हे तिनेच शिकवलं होतं. तिने ताट खाली ठेवलं. मग तिने "टिपर" म्हटलं, आणि ते धावत आलं.