रेखाची तोंडी परीक्षा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. एकदा माहेरी गेले तेव्हा आईजवळ बसून रडले, पण तेव्हाही नाही. आईला वाटलं, सासरचा त्रास आहे. त्रास कसला? त्रास मीच होते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय असं समजू नका. चार वेळा लिहून फाडलंय.

रेखा माझी धाकटी जाऊ. आमचं घर जऊळक्याजवळ. सासू-सासरे, दोघं भाऊ आणि आम्ही दोघी जावा. ती यायच्या आधी सहा वर्षं या घरातली शिकलेली बाई म्हणजे मी. बारावी पास! गल्लीतल्या बायका रेशनचा फॉर्म, बँकेचा कागद घेऊन माझ्याकडेच यायच्या. मी डोळे बारीक करून, मान हलवत वाचायचे. डोळ्यांना काही झालं नव्हतं, उगाच आपला रुबाब. मग रेखा आली. तिचं बीएचं पहिलं वर्ष झालं होतं, लग्नापायी पुढचं सुटलं. पण तेव्हा मला काही वाटलं नाही. खरंच नाही. उलट वाटलं, बरं झालं बाई, बोलायला कोणी मिळालं.

कोर्स मीच शोधला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे याच गोष्टीवरून मी फार जळले. वाशीमच्या एका कॉलेजानं घरबसल्या मानसशास्त्राची तोंडओळख सुरू केली होती. फोनवर तास, शेवटी फोनवरच तोंडी परीक्षा. मी रेखालाही ओढलं — सासऱ्यांना एकटीनं विचारायची हिंमत नव्हती, दुसरं काय? त्यांनी मला हो म्हटलं. अट घातली ती रेखाला. तिला बीए पुरं करायचं होतं ना. म्हणाले, "हे पास झाली तं पुढं शिक. नाई झाली तं इषय संपला. मंग पुन्हा नाव काढाचं नाई."

घरातल्या बायकांत स्मार्टफोन माझ्या एकटीकडे. म्हणून दोघींच्या फॉर्मवर नंबर माझाच टाकला. आमच्याकडे असंच असतं. बाईच्या फॉर्मवर नवऱ्याचा, दिराचा, शेजारणीचा, कोणाचाही नंबर असतो, तिचा सोडून. त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

नेटची रेंज यायची ती स्लॅबवर, पाण्याच्या टाकीपाशी; साधा फोन, मेसेज तेवढा कधीमधी घरातही यायचा. तिथं आम्ही खांद्याला खांदा लावून एका फोनसमोर बसायचो. एकदा सरांनी तो कुत्र्याचा आणि घंटीचा प्रयोग शिकवला. घंटी वाजली की खाणं मिळतं, मग नुसत्या घंटीनंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी. सर म्हणाले, असं तुमच्या आजूबाजूला काही पाहिलंय का? मी आठवत बसले. आणि रेखा पटकन म्हणते, "सर, आमची म्हैस बी तशीच हाय. बादली वाजली का तिले पान्हा फुटते, हात लावाच्या आधीच."

अहो, दूध मी काढते! लग्न होऊन आल्यापासून रेखानं त्या म्हशीच्या सडाला एकदा हात लावला नव्हता. म्हैस माझ्या हातची, बादली माझ्या हातातली, आणि शाबासकी हिला? सर म्हणाले, इतकं चांगलं उदाहरण पुस्तकातही नाही. रोज दोन वेळा माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं — मग मला का नाही सुचलं? हा प्रश्न मला आजही टोचतो.

त्या दिवसापासून सर म्हणायचे, "फोन जरा रेखाताईंकडे करा." फोन माझा, आणि मी तो तिच्याकडे फिरवून धरून बसायचे, हाताला मुंग्या येईपर्यंत. मग गल्लीही तिच्याकडेच वळली. शेजारच्या शोभाची मुलगी दहावीत नापास होऊन घुम्यासारखी बसली होती. रेखा तीन दिवस तिच्याजवळ बसून नुसती तूर निवडत राहिली, एक शब्द न विचारता. चौथ्या दिवशी पोरगी आपणहून बोलली. सासू येईल त्याला सांगायची, "रेखाले समजते मानसाच्या मनातलं." मी तोंडभर हसायचे आणि आत माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या मनातलं तिला समजत होतं का? तेव्हा तरी मला वाटायचं, नाही.

माझी तोंडी आधी झाली. सरांनी विचारलं, माणूस स्वतःच्या चुकीला कारणं कशी शोधतो? मी बरोबर सांगितलं. काठावर का होईना, पास झाले.

रेखाची गुरुवारी होती. सोमवारी संध्याकाळी मी भाकरी थापत होते, तेव्हा माझ्या फोनवर मेसेज आला — रेखाची तोंडी आता गुरुवारऐवजी उद्या, मंगळवारी, सकाळी अकराला. मी पिठाचा हात पदराला पुसून तो वाचला. पुन्हा वाचला. आणि काढून टाकला. काही कळायच्या आत हातून झालं, असं लिहिणार होते. खोटं आहे ते. तव्यावरची भाकरी करपली, इतका वेळ मी विचार करत होते.

मंगळवारी सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापणीला, बाया कमी पडल्या, म्हणून रेखा वावरात निघाली. दारात चप्पल घालता घालता तिनं विचारलं, "ताई, कालेजातून काई मेसेज-गिसेज आला का?"

"नाई वं. आला असता तं सांगतलं नसतं का?"

आणि ती गेली.

एवढंच सांगून थांबायचं ठरवलं होतं. पण आणखी आहे. सव्वाअकराला सरांचा फोन आला. वावर काही लांब नाही, दीर मोटरसायकल घेऊन घरीच होते, पाच मिनिटांत तिला आणलं असतं. मी फोन फळीवर पालथा ठेवला आणि भांडी घासत बसले. थांबला. परत वाजला. तेव्हाही मी हात धुतले नाहीत. मग आलेल्या फोनच्या यादीतून ते दोन्ही फोन काढून टाकले. राग एका क्षणाचा असतो म्हणतात — हा सोमवारच्या संध्याकाळपासून मंगळवारच्या दुपारपर्यंत टिकला. याला राग म्हणू?

गुरुवारी रेखा इस्त्रीची साडी नेसून साडेदहालाच टाकीपाशी जाऊन बसली. बारा वाजेपर्यंत बसली. मधे मी तिला चहा नेऊन दिला. हो, चहा! शेवटी माझ्यासमोरच तिनं माझ्या फोनवरून सरांना फोन लावला आणि तिला सगळं कळलं — परीक्षा मंगळवारीच झाली, मेसेज केला होता, दोनदा फोनही केला होता, हजेरीत गैरहजर लागलंय. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फोन घेतला, मेसेज उघडले आणि परत तिच्या हातात दिला. "पाह्य तूच. कुठं हाय?" तिनं स्क्रीनला बोटसुद्धा लावलं नाही. तसाच परत दिला.

संध्याकाळी सासू माझ्यावर खेकसली, तर रेखाच मधे पडली. "ताईच्या फोनले रेंज तरी कुठं राह्यते? त्यायचा काय दोष?" सासऱ्यांना तिनं हात जोडून सांगितलं, सर पुढच्या वर्षी परत बसू देतात. ते म्हणाले, इषय संपला. मी तिथंच ताटं वाढत होते. एक वाक्य बोलले असते तर तिचं बीए वाचलं असतं. मी वरण वाढलं.

पुढच्या वर्षी सासरे मला म्हणाले, "तू तं पास झाली, तूच कर बीए." नको म्हणाले असेन असं वाटतं तुम्हाला? त्याच आठवड्यात फॉर्म भरला. आता दुसऱ्या वर्षाला आहे. पेपर असला की माझं सगळं काम रेखा ओढते, डबा भरते, स्टँडवर सोडायला येते. बायकांना सांगते, "आमच्या ताई बीए करून राह्यल्या." मी खिडकीपाशी बसते. पेपर बरा जातो.

मागच्या शनिवारी कपडे वाळत घालून आत आले, तर रेखा माझं मानसशास्त्राचं पुस्तक उघडून उभ्या उभ्या वाचत होती. वाचताना ओठ हलत होते. मला पाहून म्हणाली, "ताई, दोन दिवस देता का वाचाले?"

मी पुस्तक तिच्या हातातून घेतलं. म्हटलं, उद्या पेपर आहे माझा.

ती "बरं" म्हणाली आणि चुलीकडे गेली. माझे पेपर संपून पंधरा दिवस झाले होते. शेवटच्या पेपरचा डबाही तिनंच भरून दिला होता.