माधवची लाटी

कुमुद गेली त्याला आता महिना होऊन गेला. तिच्या भाचीचा, रेखाचा फोन आला तेव्हा मी रोह्याच्या घरी गच्चीवर पापड उलटत होते. "मावशी, आत्या गेली," एवढंच ती बोलली. मी "बरं" म्हटलं. आता यात बरं काय होतं? पण तोंडातून तेच निघालं. मग उरलेले पापडही उलटून घेतले, कारण ऊन चांगलं होतं. भेटायला येणारे म्हणतात, सुटली बिचारी. हा शब्द ऐकला की मला तिडीक येते. कुमुद खरी गेली त्याला तीसेक वर्षं झाली, आणि त्या दिवशी तिच्या अंगणातल्या बायका पोट धरधरून हसत होत्या. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही दोघी पेणच्या, एकाच आळीतल्या, शाळेत एकाच बाकावरच्या. मॅट्रिक झाल्यावर मी लग्न होऊन रोह्याला आले आणि तिचं मात्र जमता जमता राहिलं. आधी वडील अंथरुणाला, मग आई, मग वहिनी बाळंतपणात गेली आणि एवढीशी रेखा हिच्या मांडीवर आली. या सगळ्या रगाड्यात हिला एकच नाद, वाचनालयातल्या कादंबऱ्या. त्यातही हिची निवड अशी की वाचनालयातले काका कपाळाला हात लावत. कुणीतरी मनातल्या मनात जोडीदार उभा केलाय, असंच पुस्तक हिला हवं. एका पुस्तकातला पोस्टातला कारकून कधी न भेटलेल्या बायकोसाठी दर शनिवारी गजरा घेई आणि पुलावरून पाण्यात सोडून देई. दुसऱ्यातली नर्स मनातल्या माणसाशी कडाकडा भांडून त्याला घराबाहेर काढते आणि मग दार उघडं ठेवून त्याची वाट बघत बसते. हे सांगताना कुमुदचे डोळे भरून येत. मी एकदा तिला एक झकास प्रेमकथा नेऊन दिली, राजबिंडा नायक, शेवटी थाटात लग्न. दुसऱ्याच दिवशी पुस्तक परत. "अगो शालन, यात तो खराच येतो की!"

"मग? येऊ नये?"

"खरा आला की संपलं. मग त्याला वाढायचं, नि त्याची बनियनं धुवायची. न आलेला बरा. तो सगळं ऐकून तरी घेतो."

मी खो खो हसले. माझं तेव्हा नवं नवं होतं. आमचे हे तसे भले गृहस्थ, पण ताटावर बसले की "मीठ कमी आहे" यापलीकडे शब्द फुटायचा नाही, आणि अजूनही फुटत नाही... पण ते असो.

उन्हाळ्यात पेणला घरोघर पापड लाटायला बायका जमतात. कुमुदच्या अंगणात तर दहा-बारा पोळपाट मांडलेले असत. उडदाचं पीठ कुटून कुटून मऊ करायचं, दोऱ्यानं त्याच्या लाट्या पाडायच्या आणि हात चालू झाले की तोंडं चालू. तिथं कुमुद पुस्तकं सांगायची. वाचून नाही हं, तोंडी! कारकुनाचा गजरा ऐकताना लाटणी थांबायची. ही सगळी पुस्तकं सांगून संपली तेव्हा तिनं माधवची गोष्ट काढली, तीही पुस्तकातलीच म्हणून. पनवेलकडून रेल्वे आपल्या बाजूला येणार होती तेव्हा तिच्या जमीनमोजणीवर आलेला माधव. पेणजवळ जिते गावात तंबूत राहतो, एका बाईला मोजणीच्या वाटेवरची रानफुलं आणून देतो, तिचं बोलणं ऐकताना मान तिरकी करतो. दर उन्हाळ्यात गोष्ट पुढे जायची. आणि पापड लाटताना कच्ची लाटी तेलात बुडवून खायची ती गंमत असते ना, तेव्हा कुमुद एक लाटी वाटीत बाजूला ठेवायची. विचारलं तर म्हणे, "ही माधवची." बायका हसायच्या, पण प्रेमानं. माहेरपणाला गेले की मीही ऐकायला बसायची, आणि मला तेव्हाच कळलं होतं की हे कुठल्या पुस्तकातलं नाही. मी विचारलं नाही. काही गोष्टींना हात लावू नये.

पुढं एका उन्हाळ्यात शेजारची मालतीवहिनी पाय मोडून घरी पडली. पापडाला येता येईना आणि माधवचं काय झालं याकडे जीव लागलेला. तिनं वाचनालयातून पुस्तकच मागवलं. काकांनी सगळी कपाटं पाहिली. असं पुस्तक नाही, कधी नव्हतंच. झालं! दुसऱ्या कुठल्या गावात बायका म्हणाल्या असत्या, कुमुदनं मनचं रचलं. आमच्या बायका म्हणाल्या, पुस्तक नाय, म्हणजे माणूस खरा हाय! इतकी वर्षं ही बया पुस्तकाच्या नावावर आपलंच सांगते. जित्याला हिचा कोणीतरी हाय. आणि नेमकं तेव्हाच रेखाचं कोलाडच्या घरात जमत आलेलं. मुलाकडच्यांचा निरोप आला, आत्याचं काय ऐकतोय ते आधी निस्तरा, मग सुपारी फोडू.

कुमुदचा भाऊ, रेखाचा बाप अण्णा, मूर्तीच्या कारखान्यात रंगकाम करायचा. साधा माणूस. पण तो हातचा ब्रश टाकून जित्याला गेला. स्टेशनवर विचारलं, चहावाल्याला विचारलं, माधव म्हणून मोजणीवर कोण होता? कोणी सांगेना. तसाच उन्हातून परत आला आणि भर अंगणात, सगळ्या बायकांपुढं, उभ्यानं गरजला, "कोण हाय तो? नाव सांग, गाव सांग!"

मी त्या दिवशी तिथंच होते, लाटणं हातात धरून. कुमुद खाली मान घालून लाटत राहिली. तिनं "आहे" म्हटलं असतं तर रेखाचं लग्न मोडलं असतं. तिनं रेखाकडं पाहिलं. पोर दारात उभी राहून रडत होती. मग वाटीतल्या त्या लाटीकडं पाहिलं. "कोण नाय," ती म्हणाली. "कधी नव्हताच. मीच रचला."

सगळी लाटणी थांबली. मग कोणीतरी फिसकन हसलं... आणि सगळं अंगण हसायला लागलं. अग बाई, मनातला नवरा! त्याला लाटी भरवते! माझं म्हणणं असं की बदनामी परवडली असती. बदनाम बाईला निदान कोणीतरी असतो.

रेखाचं लग्न झालं, थाटात झालं. कुमुद पापड लाटत राहिली. पण पुस्तक नाही, गोष्ट नाही, बाजूला लाटी नाही. मी रोह्याच्या वाचनालयातून तिच्या आवडीची पुस्तकं नेली, ती तशीच परत आली. एकदा तिला एकटी गाठून म्हटलं, "मला तरी सांग गो, पुढं माधवचं काय झालं?"

"मेला."

"कधी?"

"मी नाय म्हटलं तेव्हाच."

मी मेलीनं विषय बदलला, आंब्याचं काहीतरी काढलं.

शेवटचं भेटले ते दिवाळीनंतर. रोह्याहून गाडीनं गेले, सोबत मऊ कुटलेल्या लाट्या आणि तेलाची कुपी. अण्णा केव्हाच वारला होता. सेवेला रेखाच होती, सासरचं सगळं टाकून आलेली. पोरीनं शेवटपर्यंत केलं, हे खोटं म्हणवणार नाही. कुमुद पार वाळून गेली होती. मी दोन लाट्या तिच्या तळहातावर ठेवल्या. एक तिनं चघळत चघळत खाल्ली. दुसरी नुसती धरून बसली. मला वाटलं, आहे, अजून आहे! मी वाकून हळूच विचारलं, "माधवसाठी ठेवलीस?"

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. "कोण माधव गो?" म्हणाली, आणि ती लाटीही तोंडात घातली.

मला वाटलं होतं की निदान तिच्या मनात तो कुठंतरी दडून बसला असेल. तेवढ्या आशेवर मी इतकी वर्षं पेणला जात-येत होते. ती दुखण्यानं विसरली, की ठरवून विसरली, ते मला कळलं नाही आणि आता कळायचंही नाही.

परवा घरी पुन्हा उडदाचं पीठ कुटलं, लाट्या पाडल्या आणि काय वाटलं कोण जाणे, एक लाटी वाटीत काढून पोळपाटाशेजारी ठेवली. आता मी तरी त्याला ठेवीन, म्हटलं. तेवढ्यात हे पाणी प्यायला आत आले. वाटीकडं बघून म्हणाले, "ही कोणाची?"

चार शब्द सांगायचे होते. ओठावर आले होते. या वयात मला कोण हसणार होतं?

"कोणाची नाय," मी म्हटलं.

त्यांनी लाटी उचलली आणि खाल्ली. तेल कमी आहे म्हणाले.