व्याह्यांनी कान धरला

आमच्या व्याह्यांइतका उतावळा माणूस अख्ख्या आयर्लंडात सापडायचा नाही. सुनेचे वडील ते. दोन हजार वीस साली करोनात विमानं बंद झाली आणि मी नि हे व्याही, आम्ही दोघं डब्लिनजवळ ल्यूकनला माझ्या मुलाच्या घरी अडकलो. नागपूरच्या या माणसाला वेड एकच: बॅलेला संगीत देणारा एक जुना रशियन संगीतकार. त्याचं नाव मी लिहीत नाही. अक्षर चुकलं तर फोन येईल. गवई गुरूचं नाव घेताना धरतात, तशी हे त्याचं नाव घेताना कानाची पाळी धरायचे. एकदा हातातला कप सोडून कान धरला. मी म्हटलं, "अहो, तो कधीच मेला. चहा तरी नीट प्या!" तर म्हणे, "विहीणबाई, असली माणसं मरत नसतात!"

बॅले मात्र त्यांनी डोळ्यांसमोर कधी पाहिला नव्हता. डब्लिनची थिएटरं बंद. सगळी आशा नातीवर. तिच्या बॅलेच्या क्लासचा कार्यक्रमही कॉम्प्युटरवरच झाला. ती बाहेरच्या खोलीत नाचणार, आणि तिच्या कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून आम्ही दोघं स्वयंपाकघरात, व्याह्यांच्या फोनसमोर. व्याही सकाळपासून कोट घालून तयार! क्लासच्या बाईंनी संगीतकाराचं नाव घेतलं, यांनी कान धरला. नातीने पहिली गिरकी घेतली आणि हे मांडीवर थाप मारून ओरडले, "वाहवा! क्या बात है!" फोनचा माइक बंद करायला कोण विसरलं, ते सांगायला नको. जो बोलेल त्याचं तोंड मोठं दिसतं, अशी ती सोय. घरोघरच्या पडद्यावर नातीऐवजी व्याही, तेही डोळे मिटून डोलताना!

नात रडत आली. "आजोबा, यू रुइन्ड इट!"

त्यानंतर घरात ते संगीत वाजलं नाही. मला वाटलं, सुटले. पण पोळ्या लाटताना घर नुसतं खायला उठायचं.

विमानं सुरू झाली. व्याही निघायच्या आदल्या संध्याकाळी नातीने एकटीने सोफा भिंतीला सरकवला. "आजोबा, सिट." तिने ते नाव घेतलं आणि स्वतःचा कान धरला. "अँड यू कॅन डू युअर वाहवा. इट्स ग्रँड." ग्रँड म्हणजे इकडे नुसतं 'चालेल'.

ती नाचली. हा बडबड्या माणूस कानाची पाळी धरून बसला, तोंडातून शब्द नाही. पोर थांबून त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी मीच ओरडले, "वाहवा!"

व्याही आता नागपूरला. पोळ्या लाटताना मीच ते संगीत लावते. कळत काही नाही. पण पिठाचा हात कानाला जातो.