वास म्हणायचं ते गंध म्हटलं

हे अजून कुणापाशी बोललेली न्हाई. घरधन्यापाशी न्हाई, उळवीच्या जत्रंत देवासमोर उभी ऱ्हाऊन बी न्हाई — तिथं निस्तं डोळं मिटलं आन् माघारी फिरले. तुमी ऐकताय म्हणून सांगते. ऐकून काय म्हणायचं ते म्हणा.

कन्नड मुलखात अणशीच्या जंगलाजवळ एका होमस्टेत मी सैपाक करते. विठू, माझा चुलत दीर, तिथंच पावण्यांना जंगल दाखवायचा. दोन लेकरांचा बाप, पण माझ्या हातची भाकरी खाल्ल्याबिगर कामाला जायचा न्हाई.

गेल्या साली फ्रान्सचा एक म्हातारा पावणा आठवडाभर ऱ्हायला. त्याच्या खिशात मिटायचा चाकू असायचा, लाकडी मुठीचा. सैपाकघरात येऊन त्यानं पेरू चिरायचा आन् मूठ माझ्या नाकाशी धरायची. काय वास हो तो! पेन्सिल छिलल्यावर येतो तसा, वर मिऱ्याची झाक. त्याच्या गावच्या डोंगरावरच्या झुडपाचं लाकूड ते. मोबाइलवर त्यानं ते झुडूप मला दाखवलं. मला एकटीला. हे तेवढं ध्यानात ठेवा.

जाताना म्हाताऱ्यानं मला हात जोडले. चाकू विठूला दिला.

पोटात दुखलं माझ्या — आता लपवून काय करू? आठवडाभर मी रांधून घातलं, आन् मला निस्ता नमस्कार? विठू तर दिवसभर चाकू उघडायचा, मिटायचा. "वैनी, बगा की, कसा टक्कन वाजतोय!" मी हसायची. हसायचीच की, दुसरं काय करणार?

मग एक दिवस मालकीणबाई कांदे निवडत बसल्या होत्या. आमी त्यांना अक्का म्हणतो. धारवाडकडच्या, मराठी तुटकं कळतं. मी चुलीकडनंच म्हटलं, "अक्का, विठूच्या चाकूला गंध हाय."

एवढंच. ह्यात खोटं काय हाय, सांगा बघू? मराठीत गंध म्हणजे सुवास बी होतोय. पण आमच्या घरात कवा कोण गंध म्हणतंय का? आमी वास म्हणतो. कन्नडात वासाला वासने म्हणतात — आन् गंध म्हणजे चंदन. चंदनाचं लाकूड. मला ठाऊक न्हवतं? अवो, जन्म गेला दोन्ही भाषा बोलण्यात! शब्द चुकून आला न्हाई. तोंडात घोळवला, मग सोडला.

ह्या जंगलात चंदन म्हणजे चोरी आन् पोलीस, नाव काढलं तरी माणसं दार लावून घेतात. अक्कांचं तोंड उतरलं. "गंध? खरंच?"

तवा बोलता आलं असतं — न्हाई हो अक्का, वास म्हणायचं होतं मला, ते परदेशातलं झुडूप हाय, मी डोळ्यांनी फोटू बघितलाय. मी आमटी ढवळत ऱ्हायले.

सांज व्हायच्या आत विठूचं काम गेलं. साहेबाच्या देशातलं लाकूड हाय, म्हणून तो घसा फोडून सांगत होता. चोर दुसरं काय सांगणार, म्हणाले लोक. दुसऱ्या होमस्टेवाल्यांनी बी त्याला उभं केलं न्हाई. आता गोव्यात पेट्या उचलतोय. लेकरं हितंच हाईत, त्यांच्या आईपाशी, माझ्या जावंपाशी. बाप कवा येणार, म्हणून मलाच विचारतात.

जायच्या आधी तो माझ्या दारात आला. वाटलं, कळलं ह्याला. त्यानं खिशातनं चाकू काढला आन् माझ्या हातावर ठेवला.

"वैनी, तुमालाच ह्याचा वास आवडायचा न्हवं? तुमी ठेवा."

वास म्हणाला तो.

मी घेतला. मिठाच्या डब्यामागं ठेवलाय. घरात कोण नसलं की अजून हुंगते.