तीन पायांचा उंट आणि खोर फक्कानचा शुक्रवार

"उद्या मला कुठेतरी लांब ने. शनिवारी साहेबांना उत्तर द्यायचंय," ऑफिसातून निघताना यान म्हणाला. दोन हजार सालच्या आसपासचा हिवाळा होता.

यान माझा सहकारी. हॉलंडमध्ये तो एका साप्ताहिकासाठी चित्रकथा काढायचा. नव्वदीच्या सुरुवातीला साप्ताहिक बंद पडलं आणि हा दुबईला आमच्या स्टुडिओत डिझायनर म्हणून आला. दुकानांच्या पाट्या, बिस्किटांचे डबे, सगळं केलं; गाजला मात्र लबानच्या खोक्यावरचा त्याचा हसरा उंट. (लबान म्हणजे आपलं ताकच.) उंट घरोघरी पोचला, यानचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. आता साहेब त्याला मॅनेजर करायला निघाले होते. मोठी केबिन, मोठा पगार, आणि चित्रं काढणं बंद.

शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, शारजातल्या अल नहदाहून खोर फक्कानच्या समुद्राकडे निघालो: मी, बायको अनघा, मुलगी रेवा आणि आमच्या छोट्या गाडीत गुडघे हनुवटीला टेकवून बसलेला यान. आता बोगद्यांचा झकास रस्ता झालाय, पण वेळ असेल तर जुन्याच वाटेनं, धैद-मसाफीवरून जा. लाल वाळू संपून डोंगर लागतात तिथे एसी बंद करून काचा उघडा.

मसाफीच्या रस्त्याकडेच्या बाजारात भाजलेलं कणीस दोन दिरहमला. "म्हणजे पंचवीस रुपये!" म्हणत अनघानं दोन घेतली. इतक्यात यान एका गालिच्यासमोर थबकला. गालिच्यावर त्याचाच उंट!

"ओरिजिनल डिझाइन है साब," पठाण दुकानदार म्हणाला.

"तीन पाँव क्यूँ?" यानचं हिंदी एवढंच.

"चौथा पीछे है."

यान डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला आणि गालिचा घेऊनच निघाला.

"स्वतःचाच उंट विकत घेणारा पहिलाच माणूस बघतेय," अनघा मला म्हणाली.

खोर फक्कानला समुद्रासमोरच्या मल्याळी हॉटेलात तळलेला मासा आणि भात खाल्ला. अनघानं त्याला सरळच विचारलं, "मॅनेजर होऊन काय करणार?"

"मीटिंगा."

"आणि?"

"दुसऱ्यांनी काढलेले उंट पास करणार."

"दॅट्स सो बोरिंग, अंकल," रेवा म्हणाली.

टेबलावरचा कागद सरकवून याननं चौकटी आखल्या. उंट हरवलेला चौथा पाय शोधायला बाजारात निघतो. पहिली चौकट त्यानं दोनदा खोडली. तिसरीपर्यंत जीभ दातांत धरून गडी रंगला होता. इतक्या वर्षांनी काढलेली ती त्याची पहिली चित्रकथा. शेवटच्या चौकटीशी अडला.

"आता पुढे काय?"

"इट्स अंडर द कार्पेट, ऑफ कोर्स!" रेवा म्हणाली.

शनिवारी त्यानं साहेबांना नाही म्हणून सांगितलं. साहेब माझ्याकडे वळले, "हबीबी, मग तू हो मॅनेजर. खलास!" खलास म्हणजे विषय संपला. मीही झालो.

उंटाची गोष्ट पुढे एका इंग्रजी पेपरच्या मुलांच्या पानावर दर आठवड्याला येऊ लागली. खाली यानचं नाव असायचं. काही वर्षांनी तिचं पुस्तक झालं आणि ते घेऊन तो मायदेशी परतला.

खोर फक्कानचा किनारा आता ओळखू येत नाही. मल्याळी हॉटेलही गेलं. माझ्यापाशी राहिलाय तो यानचा आवाज. मी मॅनेजर झाल्यावर तो रजेचा अर्ज घेऊन केबिनच्या दारात उभा राहायचा आणि अनघानं शिकवलेल्या मराठीत विचारायचा, "काय साहेब, आज किती उंट काढलेत?"

मी सही करून अर्ज परत द्यायचो. दुसरं काय करणार?